प्रयोगशाळेतली बंद यंत्रं, उद्यमनगर आणि एक वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापक असलेल्या मॅडमकडे उपकरण केंद्राचा कार्यभार आला आहे. खोलीत १४ उपकरणं आहेत, त्यांतली ५ बंद. व्हॅक्यूम कोटिंग युनिट (निर्वात चेंबरमध्ये पातळ थर चढवणारं यंत्र) ०.१ मिलिबारच्या खाली उतरत नाही. नमुना कुठला प्रकाश किती शोषतो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर पावसाळ्यात हमखास दगा देतो. देखभाल कराराची कोटेशनं परवडत नाहीत. प्राचार्य म्हणतात, लेथ-कारखान्यांचं उद्यमनगर हाताशी आहे, नळीची भट्टी आणि डिप-कोटर (नमुना द्रावणात बुडवून सावकाश वर काढणारं यंत्र) इथंच करून घ्या. मॅडम विचारतात: सुरुवात कुठून करू, इथं काय बनवता येईल आणि कशाला हात लावू नये?

मॅडम, विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली उपकरणं दुरुस्त करण्यात आणि काही नव्यानं घडवण्यात माझी ३१ वर्षं गेली. त्या अनुभवावर सांगतो, पाचांतली दोन-तीन तरी तुमच्याच हातानं चालू होतील. पण पहिला आठवडा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

आधी एक जाड शिवलेली वही आणा. सुट्या कागदांची फाइल नको, संगणकातला तक्ताही नको. वही यंत्राशेजारी दोरीनं बांधून राहते आणि तेलकट हातानंही तिच्यात लिहिता येतं. प्रत्येक उपकरणाला वीस पानं सोडा. वर डेडस्टॉक रजिस्टरमधला (कायम वस्तूंच्या नोंदवहीतला) नंबर, मॉडेल, खरेदीचं साल. त्याखाली: शेवटचं कधी चाललं, आणि बंद पडलं तेव्हा नेमकं काय घडलं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही. ते लॅबमधल्या जुन्या परिचर मामांकडे असतं. मी एकदा एका सेंट्रिफ्यूजच्या सर्किटवर दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी चहा आणून देताना मामा म्हणाले, "सर, ते चालता चालता बंद पडलं न्हाई. मे महिन्याच्या सुट्टीत वरची टाकी गळली हुती, पाणी त्याच्यावरच पडत हुतं." मग काय शोधायचं हे कळलं. बोर्ड काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुतला, दोन दिवस कोरडा केला, गंजलेला एक कनेक्टर बदलला. सेंट्रिफ्यूज चालू झाला. विचारायला मी दोन दिवस उशीर केला होता.

वही भरत असतानाच खोलीतली वीज तपासा. साधा मल्टिमीटर पुरे. प्रत्येक सॉकेटवर फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे तीन आकडे घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २ व्होल्टच्या आत हवं. ८-१० व्होल्ट दिसले तर कुठलंही संवेदनशील उपकरण त्या सॉकेटला लावू नका, आधी वायरमन बोलवा. आपल्याकडे बऱ्याच इमारती टेकाडावर, मुरमाच्या आणि खडकाच्या जमिनीवर उभ्या आहेत. फेब्रुवारीनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात नियमित पाणी ओतायचं काम एका माणसाला नेमून द्या आणि त्याची नोंदही वहीत करा. ‘कार्ड उडालं’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ मला त्या कोरड्या खड्ड्यात सापडलं आहे. यूपीएसची बॅटरी नवी घेतली आणि अर्थिंग तसंच ठेवलं, तर खर्च वाया जातो.

आता कोटिंग युनिट. यात घाईनं तेल बदलून किंवा सगळ्या ओ-रिंग (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या) काढून काही साधत नाही. दोष पंपात आहे की चेंबरमध्ये, एवढंच आधी ठरवायचं. रोटरी पंप चेंबरपासून तोडा, त्याच्या तोंडावरच पिरानी गेज (कमी दाब मोजणारा मापक) लावा आणि बाकी सगळं बंद करा. निरोगी दोन-टप्पी रोटरी पंप अशा वेळी काही मिनिटांत ०.०१ मिलिबारच्या आसपास जातो. तो इथंच ०.१ वर अडला तर पंप आजारी आहे. मग तेलाच्या काचेतून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. पंपावर गॅस बॅलास्टची एक छोटी चकती असते, ती बहुतेक लॅबमध्ये कुणी कधी फिरवलेलीच नसते. ती उघडी ठेवून पंप अर्धा-पाऊण तास चालवा, पाण्याची वाफ बाहेर पडते. पावसाळ्यात हे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी करावं. तेल काळं झालं असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र पूर्ण बदला, आणि नवं तेल एकदा घालून, दहा मिनिटं चालवून, तेही काढून टाका. ही धुलाई आहे. दुसऱ्यांदा घातलेलं तेल कायमचं. पंप बंद केला की त्याच्या तोंडाशी हवा सोडायला विसरू नका, नाहीतर तेल उलटं चढून चेंबरपर्यंत जातं.

पंप ठीक निघाला तर चेंबरकडे वळा. चेंबर जमेल तितका खाली न्या, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि घड्याळ लावून दर मिनिटाला गेजचा आकडा लिहा. वीस मिनिटं. मग आलेख काढा. दाब सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरून हवा येते आहे, म्हणजे गळती आहे. आधी भरभर चढून मग रेषा आडवी होत गेली तर गळती नाही. चेंबरच्या भिंतींना चिकटलेला ओलावा किंवा तेल सुटतंय. या दोन रेषा ओळखता आल्या की निम्मं काम झालं. कोल्हापूरच्या जुलै महिन्यात दुसरीच रेषा जास्त दिसते. काचेचा बेल जार तासभर उघडा राहिला तर त्या दमट हवेतलं पाणी काढायला पुढचा अर्धा दिवस जातो. नमुना बदलायला लागतील तेवढीच मिनिटं जार उघडा आणि व्हॅक्यूम तोडताना हवा सिलिका जेलच्या बाटलीतून आत सोडा.

गळती असेल तर ड्रॉपरनं एकेका सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा आणि गेजकडे बघा. गळक्या जागी थेंब पडला की काटा दचकतो. कधी वर उडी मारतो, कधी थेंबानं भोक क्षणभर बुजलं तर खाली येतो. जवळ ज्योत किंवा तापलेला हीटर नको. पुष्कळ लोक ॲसिटोन वापरतात, पण नायट्राइल रबराची रिंग त्यानं फुगते. आणि रिंगवर ग्रीसचा थर देऊ नका. बोटाला जेमतेम लागेल एवढंच ग्रीस, तेही फक्त रिंग सरकायला. गळती ग्रीसनं दाबली की ती दोन महिन्यांनी परत येते, आणि तोवर चेंबरभर ग्रीस झालेलं असतं.

डिफ्यूजन पंपाबद्दल (तेलाच्या वाफेनं आणखी खोल व्हॅक्यूम करणाऱ्या पंपाबद्दल) एकच सांगतो, कारण त्यातली चूक महाग पडते. त्याचं थंड पाणी बंद असताना हीटर चालू राहिला तर तेल जळून आत डांबरासारखं बसतं. गरम असताना त्यात हवा शिरली तरी तेच. पाण्याच्या वाटेवर फ्लो स्विच आणि पंपाच्या अंगावर थर्मल कटआउट, दोन्ही बसवा. बोअरचं पाणी थेट सोडत असाल तर तांब्याच्या वेटोळ्यात खर धरलेली असणार. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड करून फिरवा आणि पुढे डिस्टिल्ड पाण्याची छोटी बंद टाकी ठेवा.

स्पेक्ट्रोफोटोमीटरचं पावसाळी दुखणं बहुधा दोन गोष्टींत असतं. एक ओलावा. आतली सिलिका जेलची पुडी शेवटची कधी बदलली ते बघा. निळी जेल गुलाबी झाली की तिचं काम संपलं. १२० अंशांवर ओव्हनमध्ये काही तास ठेवली की पुन्हा निळी होते. पावसाळ्याचे चार महिने हे यंत्र आठवड्यातून निदान तीन-चार वेळा तासभर तरी चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते. एफटीआयआर (अवरक्त किरणांचा स्पेक्ट्रोमीटर) असेल तर हे आणखी काटेकोर पाळायचं, कारण त्यातला पोटॅशियम ब्रोमाइडचा भाग हवेतलं पाणी पिऊन धुरकट होतो आणि मग फक्त बदलावाच लागतो. सूक्ष्मदर्शकांसाठी जुना उपाय अजून उत्तम आहे: लाकडी पेटीतून काढून कपाटात ठेवायचे आणि कपाटात १५ वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. भिंगांना बुरशी धरत नाही.

दुसरी गोष्ट दिवा. अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियमच्या दिव्याचं आयुष्य साधारण १००० तासांचं असतं, नंतर अतिनील भागात संकेत थरथरू लागतो. तास वहीत लिहिलेले असले की नवा दिवा आधीच मागवता येतो. नवा दिवा उघड्या बोटांनी धरू नका; बोटाचं तेल काचेवर भाजून डाग पडतो. तरंगलांबी बरोबर आहे का हे बघायला कुणाला बोलवावं लागत नाही. ड्युटेरियमची स्वतःची एक तीक्ष्ण रेषा ६५६.१ नॅनोमीटरला असते, ती कुठे दिसते ते तपासा. होल्मियमची काच मिळाली तर ३६१ आणि ५३६ च्या आसपासची शिखरंही पडताळता येतात. ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर) धूळ दिसली तरी ती पुसू नका. कापूस नको, फुंकरही नको. ग्रेटिंगवरचा एक बोटाचा ठसा काढायला जगात कुठलाही उपाय नाही.

याच उपकरणाबाबत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. जुन्या यंत्रांच्या बोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते आणि तिच्या जोरावर कॅलिब्रेशनचे आकडे स्मृतीत टिकतात. एका कॉलेजात मी ती बॅटरी अशक्त दिसली म्हणून यंत्र बंद करून काढली आणि नवी घातली. यंत्र चालू केलं तर आतले सगळे आकडे गेलेले. ते परत भरायला बाहेरून अभियंता यायला सात आठवडे लागले आणि एका विद्यार्थिनीचं प्रबंधाचं काम तेवढं अडलं. तेव्हापासून मी कुठल्याही यंत्राचं झाकण उघडण्याआधी त्याच्या सेटिंगचं एकेक पान पडद्यावर आणून वहीत उतरवतो, मोबाईलवर फोटोही काढतो. तुमच्या १४ उपकरणांपैकी जी २०१० च्या आधीची आहेत, त्यांचं हे काम याच महिन्यात करा. त्यांना जोडलेल्या जुन्या संगणकांचंही तेच. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत आज काढून ठेवली नाही आणि उद्या डिस्क गेली, तर पूर्णपणे धडधाकट उपकरण केवळ सॉफ्टवेअर नाही म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे बाद वस्तूंच्या, यादीत जातं. मी अशी यंत्रं भंगारात जाताना पाहिली आहेत आणि ते दुःख अजून जात नाही.

हात कशाला लावू नये? क्ष-किरण यंत्राच्या ट्यूबला, शटरला आणि दाराच्या इंटरलॉकला (दार उघडताच किरण तोडणाऱ्या स्विचला) कधीही नाही. या यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि इंटरलॉक बायपास करून ‘फक्त एकदा बघू’ असं म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी बोटांशी, डोळ्यांशी खेळणं आहे. चिलरचं पाणी, फिल्टर, खोलीचं तापमान एवढं तुम्ही सांभाळा; सिलिकॉनचा नमुना लावून २८.४४ अंशांच्या कोनावरचं शिखर जागेवर आहे का ते दर महिन्याला बघा. उच्च दाबाच्या विजेचे भाग बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज धरून ठेवतात. ती रोधातून सोडून देणं ज्याला शिकवलेलं नाही त्यानं झाकण उघडू नये. सेंट्रिफ्यूजच्या रोटरला बारीक चीर किंवा गंजाचा खड्डा दिसला तर तो रोटर त्या दिवशीच बाद. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीच नाही. देखभाल कराराचे पैसे खर्चायचे असतील तर ते याच यंत्रांवर खर्चा. करार करताना सुटे भाग धरलेले आहेत की फक्त अभियंत्याची फेरी, हे वाचून घ्या. आणि पुढच्या खरेदीत निविदेच्या अटींतच लिहा: सर्व्हिस मॅन्युअल, सर्किटचे नकाशे, सॉफ्टवेअरची प्रत आणि आपल्या दोन माणसांचं प्रशिक्षण. पीओ (खरेदीचा आदेश) निघाल्यावर यातलं काहीही मिळत नाही.

आता प्राचार्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे, पण त्याला एक सीमा आहे. मी कायम एक हिशोब धरला: उपकरणाचं अंग इथं बनवायचं, मोजणारा भाग विकत घ्यायचा. चेंबर, फ्लँज (सांध्याची चकती), भट्टी, स्टँड, मोटरची गाडी, पाण्याची वाट हे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं उत्तम होतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी), गेजचं डोकं, फोटोडायोड, भिंगं, ग्रेटिंग हे नामांकित ठिकाणाहून घ्यायचं. कारण अंगात चूक झाली तर दिसते, मोजणाऱ्या भागातली चूक दिसत नाही, ती विद्यार्थ्याच्या आलेखात जाऊन बसते.

या गावात ही रीत नवी नाही. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी त्यांचे सहकारी व्ही. जी. दामले यांच्या साथीनं १९१८ साली चलच्चित्राचा कॅमेरा इथंच घडवला. त्यांच्याकडे कुठल्या कंपनीचा अभियंता येणार नव्हता. धातूकाम येणारी माणसं होती आणि तासन्‌तास खपायची तयारी होती. तीच माणसं आजही लेथवर उभी आहेत. आपल्या विभागांत स्प्रे पायरोलिसिसनं (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) आणि केमिकल बाथनं (द्रावणात बुडवून ठेवून) पातळ फिल्म करण्याचं काम इतकी वर्षं टिकलं, त्यामागेही हेच आहे की ही पद्धत कमी खर्चात, इथल्या हातांनी उभी करता येते.

पण टर्नरकडे जाताना नुसतं तोंडी सांगून चालत नाही. माझी पहिली व्हॅक्यूम फ्लँज मी अशीच केली. उद्यमनगरातल्या एका मामांच्या लेथवर स्टेनलेसची चकती लावली, ओ-रिंगची खाच पाडून घेतली. मामा म्हणाले, "सर, काळजी करू नका, आरशागत करून देतो." आणि शेवटी त्यांनी चकती लेथवरून उतरवून एमरी पेपरनं आडवीउभी घासून खरोखर चकचकीत केली. माझ्या डोळ्यांदेखत. ती फ्लँज गळाली. कारण लेथच्या टूलनं पडणाऱ्या रेघा गोल असतात, रिंगच्या दिशेनंच जातात, त्यांतून हवेला वाट नसते. एमरीच्या आडव्या रेघा मात्र खाचेच्या आतून थेट बाहेर जातात. प्रत्येक रेघ म्हणजे हवेची एक नळी. मी परत गेलो आणि भिंग देऊन त्यांना त्या रेघा दाखवल्या. मामांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे असं आधी सांगायचं न्हाई व्हय?" त्यांचं बरोबर होतं. पुढची वीस वर्षं त्यांनी केलेली एकही फ्लँज गळाली नाही.

म्हणून कागदावर लिहून न्या. रिंग ५ मिलिमीटर जाडीची असेल तर खाच ४ मिलिमीटर खोल आणि साडेसहा मिलिमीटर रुंद. म्हणजे रिंग वीस टक्के दबते आणि बाजूला पसरायला जागा उरते. खाचेचा तळ टूलनंच गोल फिरवून, वर पॉलिश नाही. व्हॅक्यूमसाठी ओतीव तुकडा घेऊ नका. आपल्याकडे फाउंड्री इतक्या आहेत की ओतून घ्यायचा मोह होतो, पण ओतीव धातूत बारीक छिद्रं असतात आणि ती वर्षभर हवा सोडत राहतात. रोल केलेली पट्टी किंवा बार घ्या. वेल्डिंग आतल्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या बाजूनं अखंड. बाहेरून मजबुतीसाठी लागलं तर तुटक टाके. दोन्हीकडून अखंड वेल्ड केलं तर मधे अडकलेली हवा आत झिरपत राहते आणि बाहेरून कितीही थेंब टाकले तरी ती गळती सापडत नाही. आत जाणाऱ्या स्क्रूच्या बंद भोकाचंही तसंच. स्क्रूला मधून बारीक छिद्र पाडून घ्या.

एक जोड खास आपल्या भागाची. तांब्याची नळी किंवा इलेक्ट्रोड व्हॅक्यूमच्या आत झाळायचा असेल तर हुपरीच्या किंवा गुजरीतल्या सोन्याचांदीच्या कारागिराकडे जा, ज्योतीवर त्यांच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही. मात्र नेहमीची झाळ वापरू देऊ नका. तिच्यात जस्त असतं, कधी कॅडमियमही. व्हॅक्यूममध्ये तापल्यावर दोन्ही उडतात आणि तुमच्या फिल्मवर जाऊन बसतात. कॅडमियमचा धूर तर कारागिराच्या फुप्फुसाला विष आहे. ७२ भाग शुद्ध चांदी आणि २८ भाग शुद्ध तांबं समोर वजन करून वितळवून घ्या. हे मिश्रण ७८० अंशांना एकदम पाण्यासारखं वाहतं आणि सांध्यात शिरतं. टाकणखार लावलेला असतो, तो नंतर गरम पाण्यात उकळून पूर्ण काढा. पितळेतही जस्त असतं, त्यामुळे व्हॅक्यूममधल्या गरम जागी पितळ नको.

डिप-कोटर सोपा आहे, विद्यार्थ्यांकडून करून घ्या. स्टेपर मोटर, २ मिलिमीटर पिचचा स्क्रू, एक आर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड). मोटर २०० पावलांत एक फेरा घेते, ड्रायव्हरवर एका पावलाचे १६ भाग केले की एक हालचाल ०.६२५ मायक्रॉनची होते, यापेक्षा बारीक तुम्हाला लागणार नाही. फक्त मोटरची थरथर द्रवात उतरू नये म्हणून नमुन्याचा दांडा आणि मोटर यांच्यात रबराची जोड ठेवा. फोर-प्रोबसुद्धा (फिल्मचा रोध मोजायचं चार टोकांचं साधन) स्प्रिंगच्या पिना घेऊन दोन दिवसांत होतो.

भट्टीचा मात्र नीट हिशोब करा. २ किलोवॉट, २३० व्होल्ट धरले तर प्रवाह ८.७ अँपियर आणि तारेचा रोध २६.५ ओहम हवा. कँथल ए-१ या हीटरच्या मिश्रधातूची १८ गेजची तार, व्यास १.२२ मिलिमीटर, मीटरला सुमारे १.२४ ओहम देते. म्हणजे २१.३ मीटर तार. २० गेजची बारीक तार घेतली तर कमी लांबीत काम भागतं आणि दुकानदार तीच सुचवतो, पण मग तारेच्या पृष्ठभागावर भार वाढतो आणि ती लवकर तुटते. १८ गेजवर हा भार चौरस सेंटिमीटरला अडीच वॉटच्या आत राहतो. बाहेरून ६० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनाच्या नळीवर तिचे साधारण १११ वेढे बसतात. ४ मिलिमीटर अंतरानं गुंडाळले तर ४४-४५ सेंटिमीटरचा गरम पट्टा मिळतो. नळीच्या दोन्ही टोकांत लाकडी गुट्टा बसवून ती लेथवर धरा आणि ४ मिलिमीटरचा आटा पाडायचा गिअर लावून हातानं चक फिरवा, वेढे एकसारखे पडतात. टोकांकडचे दहा-दहा वेढे थोडे जवळ घ्या, कारण तिकडून उष्णता निसटते. तार बाहेर येते तिथं ती तिहेरी पिळून घ्या म्हणजे तो भाग थंड राहतो. वरून ॲल्युमिना सिमेंटचा लेप द्या, नाहीतर तापल्यावर तार लांबून वेढे सैल पडतात. सिरॅमिक ब्लँकेट कापताना मास्क हवाच. बाहेरच्या पत्र्याला अर्थिंग हवंच.

थर्मोकपल के-टाइप. जोडताना लाल वायर म्हणजे धन असं वायरमन धरतो; अमेरिकन पद्धतीच्या केबलमध्ये लाल ही ऋण असते. रंगावर जाऊ नका, चुंबक लावा. जी तार चुंबकाला ओढली जाते ती ॲल्युमेल, म्हणजे ऋण. तपासणीला शुद्ध कथील घ्या; वितळवून थंड होऊ दिलं की २३१.९ अंशांवर आकडा काही मिनिटं थबकतो. कल्हईचं कथील यासाठी नको, त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. वरच्या टोकाला जस्त आहे, ४१९.५ अंशांना.

आणि सुरक्षेची दुसरी कडी. तापमान नियंत्रकाच्या पुढे सॉलिड स्टेट रिले (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. तो निकामी होतो तेव्हा बहुतेक वेळा आतून जोडलेल्या अवस्थेतच अडकतो, म्हणजे नियंत्रक ‘बंद’ म्हणत असतानाही भट्टी तापत राहते. एका विभागात ६०० अंशांवर लावून ठेवलेली भट्टी रात्रभर अशी चढत गेली. सकाळी आतली क्वार्ट्झची नळी पांढरी पडलेली होती आणि एका मुलाचे तीन आठवड्यांचे नमुने गेले होते. आग लागली नाही एवढंच. म्हणून वेगळा थर्मोकपल, वेगळा साधा नियंत्रक आणि जाड कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह तोडणारा स्विच) अशी स्वतंत्र जोडणी करा. ठरवलेल्या तापमानापेक्षा ५० अंश वर गेलं की त्यानं सगळी वीज तोडावी आणि माणसानं बटण दाबल्याशिवाय ती परत येऊ नये. रिले २५ अँपियरचा घ्या, हीट सिंकसकट.

पहिली आच रिकाम्या भट्टीला द्या. सिमेंट दोन दिवस सुकलेलं असावं. आधी ११० अंशांवर चार तास, मग तासाला १०० अंशांच्या वेगानं वर, आणि १००० अंशांवर सहा-सात तास उघड्या हवेत. यात तारेवर ॲल्युमिनाचं राखाडी कवच तयार होतं, पुढे तेच तिला जपतं. यानंतर तार ठिसूळ होते, तिला परत वाकवू नका. काही बदल करायचा असेल तो त्याआधीच. रोजच्या कामाला ९०० पर्यंतच वापरा. त्या पहिल्या दिवशी कुणावर सोपवून घरी जाऊ नका. वही घेऊन भट्टीजवळ बसा आणि दर दहा मिनिटांनी तापमान आणि प्रवाह लिहा. दोन वर्षांनी भट्टी हळू तापते अशी तक्रार आली की तेच पान उघडून शेजारी नवे आकडे लिहायचे आहेत.